हवा फुकट, दाब महाग: कॉम्प्रेसरच्या विजेचा हिशेब

कारखान्यात कुणालाही विचारा, "तुमचा कॉम्प्रेसर वर्षाला किती वीज खातो?" उत्तर बहुधा येतं, "पंचाहत्तर एचपीचा आहे." महिन्याला पेट्रोल किती लागतं असं विचारल्यावर "गाडी दीडशे सीसीची आहे" म्हणावं, तसंच हे. इंजिन केवढं ते कळलं. गाडी किती पळाली, सिग्नलला किती वेळ नुसती धडधडत उभी राहिली, टाकी गळते का, यातलं काहीच कळलं नाही.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत हे न कळणं महागात पडतं, कारण या यंत्राची किंमत त्याच्या विजेपुढे किरकोळ असते. दहा वर्षांचा खर्च मांडला, तर खरेदी आणि देखभाल मिळून साधारण पाव भाग होतो आणि उरलेला पाऊण भाग वीज. म्हणून हिशेब विजेचाच करायचा. त्याला क्लॅम्प मीटर, घड्याळ आणि कागद-पेन्सिल पुरते.

आधी हवा इतकी महाग का, ते पाहू. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड तापतं. कॉम्प्रेसरमध्ये तेच होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. खोलीतली साधी हवा थंड न करता एका दमात ७ बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब, आणि हे ७ त्याच्या वरचे, गेजवरचे) दाबली, तर तत्त्वतः तिचं तापमान २५० अंशांच्या वर जातं. मग आपण तेलाने, पंख्याने, पाण्याने ती उष्णता काढून घेतो आणि थंड झालेली हवा लाइनमध्ये सोडतो. गंमत अशी की पुन्हा खोलीच्या तापमानाला आलेल्या या हवेत, दाब आठपट असूनही, बाहेरच्या हवेइतकीच आंतरिक ऊर्जा असते. मोटरने घातलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन कॉम्प्रेसर रूमच्या खिडकीतून गेलेली असते. आपल्या हाती उरते ती प्रसरण पावण्याची ताकद. प्रसरण पावताना हवा थंड होते आणि आजूबाजूची उष्णता ओढून घेते. सतत चालणाऱ्या एअर टूलच्या एक्झॉस्टवर कधी कधी बर्फ धरतो, तो यामुळेच.

आकड्यांत सांगायचं तर १ घनमीटर साधी हवा ७ बारपर्यंत दाबायला, तापमान अजिबात वाढू न देता, कमीत कमी ०.०५८ युनिट वीज लागेल. युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास. उष्णता मुळीच बाहेर न काढता दाबली तर ०.०७९. प्रत्यक्षातल्या चांगल्या स्क्रू कॉम्प्रेसरला (फिरत्या स्क्रूंमध्ये हवा दाबणाऱ्या यंत्राला) मोटर, पंखा, घर्षण सगळं धरून ०.११ च्या आसपास लागते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो बदलत जाणार आहे.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. ५५ किलोवॅटचा, म्हणजे आपला तो पंचाहत्तर एचपीचा, आत तेल सोडून हवा दाबणारा स्क्रू कॉम्प्रेसर. ७ बारला तो मिनिटाला ९.२ घनमीटर, म्हणजे सुमारे ३२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. वर्षाला ६००० तास चालू असतो.

पहिली चूक नेमप्लेटवरच होते. ५५ किलोवॅट हा मोटरच्या शाफ्टवरचा आकडा. मीटरवर येते ती मोटरच्या आत जाणारी वीज, आणि ती जास्त असते, कारण मोटरची कार्यक्षमता शंभर टक्के नसते. शिवाय कूलिंग फॅन वेगळा चालतो, आणि बरेच उत्पादक मोटर तिच्या रेटिंगपेक्षा किंचित जास्त भारावर चालवतात. म्हणून मोजायचं. कॉम्प्रेसर हवा देत असताना, म्हणजे लोडवर असताना, तिन्ही फेजचा करंट आणि व्होल्टेज घ्या. १.७३२ गुणिले व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला खऱ्या विजेचा हिस्सा), भागिले १०००, म्हणजे किलोवॅट मिळाले. आपल्या यंत्राला ४१५ व्होल्टवर १०० अँपिअर आणि ०.८६ पॉवर फॅक्टर मिळाला, तर होतात ६१.८ किलोवॅट. पाटीवर ५५, मीटरवर जवळपास ६२.

दुसरं माप अनलोडचं. लाइन भरली की प्रेशर स्विच किंवा कंट्रोलर इनटेक व्हॉल्व्ह बंद करतो, पण मोटर फिरतच राहते. हवा शून्य, वीज चालू. इथे क्लॅम्प मीटरवाले हमखास फसतात. अनलोडवर करंट उतरतो, समजा ४८ अँपिअरवर येतो, आणि लोक तोच जुना ०.८६ पॉवर फॅक्टर लावून तीस किलोवॅट काढतात. पण भार उतरला की मोटरचा पॉवर फॅक्टरही ढासळतो. इथे तो ०.५५ निघाला, तर खरी वीज १९ किलोवॅट. म्हणून नुसता करंट बघून अनलोडचा हिशेब करू नये. किलोवॅट थेट दाखवणारा मीटर मिळाला तर सगळ्यात बरं. १९ किलोवॅट म्हणजे पूर्ण भाराच्या ३१ टक्के, आणि अशा यंत्रांत पाव ते चाळीस टक्के हे नेहमीचंच. सिग्नलला उभ्या गाडीने धावत्या गाडीच्या एक तृतीयांश पेट्रोल प्यावं, असा हा प्रकार.

तिसरं माप वेळेचं, आणि ते सगळ्यात सोपं. बहुतेक कंट्रोलर पॅनलवर दोन तास-मीटर असतात: एकूण चाललेले तास आणि लोडवरचे तास. सोमवारी सकाळी दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बघा. फरकांचा भागाकार म्हणजे लोडचं प्रमाण. फक्त आठवडा नेहमीसारखा असावा, ऑर्डर थंडावलेल्या किंवा ओव्हरटाइमच्या आठवड्यात हे माप घेऊ नये. आपल्या उदाहरणात ते ६५ टक्के निघालं असं धरू.

मग ३९०० तास गुणिले ६१.८, म्हणजे २,४१,०२० युनिट. आणि २१०० तास गुणिले १९, म्हणजे ३९,९००. एकूण २,८०,९२० युनिट वर्षाला. यापैकी जवळजवळ चाळीस हजार युनिट एक फुंकरही न देता गेली. तुमच्या बिलावरचा प्रति युनिट दर लावलात की रक्कम आली. (बिलातला स्थिर आकार यात धरू नका, वापर घटला म्हणून तो आपोआप घटत नाही.)

एक खबरदारी. ही दोन अवस्थांची पद्धत लोड-अनलोडवर चालणाऱ्या यंत्रालाच लागू आहे. व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा ड्राइव्ह) लावलेल्या कॉम्प्रेसरची वीज सतत बदलत असते आणि ड्राइव्हमुळे करंटचा आकारही वेडावाकडा होतो. तिथे आठवडाभर लॉगर (वीज सतत नोंदवणारं उपकरण) लावावा किंवा फीडरवर कायमचा ऊर्जा मीटर बसवावा. काही जुनी यंत्रं इनटेक अर्धवट मिटून हवा कमी करतात. त्यांची तऱ्हा आणखी वाईट: हवा शून्यावर आली तरी वीज सत्तर टक्क्यांच्या आसपास अडकून बसते.

इथे बरेच जण हिशेब थांबवतात, पण खरी मजा पुढेच आहे. त्या ०.११ युनिटच्या आकड्याकडे परत जाऊ. आपल्या यंत्राचे ६१.८ किलोवॅट भागिले तासाची ५५२ घनमीटर हवा, म्हणजे ०.११२ युनिट प्रति घनमीटर. कॅटलॉगमध्ये हवेचा भाव असतो तो हाच. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेली हवा होती पूर्ण क्षमतेच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे २१ लाख ५३ हजार घनमीटर. वर्षाच्या एकूण युनिटना तिने भागलं तर भाव येतो ०.१३०. अनलोडची वीज त्यात मिसळली म्हणून तो चढला. आणि तयार झालेली सगळी हवा यंत्रांपर्यंत पोहोचते कुठे? त्यासाठी गळती मोजायला हवी.

गळती मोजायला उपकरण लागत नाही, रिकामा कारखाना लागतो. शिफ्ट संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी हवा वापरणारं एकही यंत्र चालू नाही याची खात्री करा आणि कॉम्प्रेसर सुरू करा. लाइन भरली की तो अनलोड होईल. लाइन घट्ट असती तर तो तसाच राहिला असता. पण दाब उतरतो, तो पुन्हा लोड होतो, पुन्हा अनलोड. घड्याळ लावून सात-आठ चक्रं मोजा आणि सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले लोड-अनलोड मिळून वेळ, हा गळतीचा वाटा. आपल्याकडे लोड ४० सेकंद आणि अनलोड १२० सेकंद निघाले. ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के. मिनिटाला ९.२ पैकी २.३ घनमीटर हवा कुठे जाते ते कुणालाच माहीत नाही. सांभाळ नसलेल्या लाइनमध्ये २० ते ३० टक्के गळती अजिबात अपवादात्मक नाही.

हे २५ टक्के क्षमतेचे आहेत, हवेचे नाहीत, हे विसरू नका. कॉम्प्रेसर सरासरी ६५ टक्के हवा बनवत होता, त्यातले २५ गळाले. म्हणजे बनवलेल्या हवेचा ३८ टक्के भाग गेला. कामी आली ती फक्त ४० टक्के क्षमतेची हवा, वर्षाला सुमारे १३ लाख २५ हजार घनमीटर. आता तेच २,८०,९२० युनिट तिच्यावर टाका. भाव झाला ०.२१२.

त्याच हवेचे तीन भाव झाले. कॅटलॉगमधला ०.११२, कॉम्प्रेसर रूमच्या दारातला ०.१३०, आणि यंत्राच्या तोंडाशी ०.२१२. खर्चाचा अंदाज कुणी सांगितला तर माझा पहिला प्रश्न हाच असतो: यातला कुठला भाव?

या भावात आपल्याला काय मिळतं तेही बघून घेऊ. ६ बारवर चालणाऱ्या साध्या सिलिंडरमध्ये १ घनमीटर साधी हवा दाबून सातव्या हिश्शाची होते आणि पिस्टन ढकलते. घर्षण शून्य धरलं तरी त्यातून निघणारं काम भरतं ०.०२४ युनिट. ०.२१२ घातले, ०.०२४ मिळाले. अकरा टक्के. दाबलेल्या हवेच्या यंत्रणेची एकूण कार्यक्षमता दहा-पंधरा टक्के असते असं जे ऐकू येतं, ते असं जमतं. म्हणूनच १ किलोवॅटची एअर मोटर फिरवायला सात-आठ किलोवॅट वीज लागते, आणि जिथे साधी विजेची मोटर बसते तिथे एअर मोटर बसवणं हा शौक ठरतो. १८६१ पासून आल्प्समधल्या फ्रेजुस बोगद्यात दाबलेल्या हवेवर ड्रिल चालवले गेले, तेव्हा सुटलेली हवाच आत काम करणाऱ्यांना श्वासाला मिळत होती. एका हवेत दोन कामं झाली. आपल्याकडे ती सायलेन्सरमधून फुस्स होते.

आता गळती बुजवली तर किती वाचेल? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक अहवालांत फुगवलेलं असतं. २.३ घनमीटर गुणिले मिनिटाच्या प्रत्येक घनमीटरमागे ६.७२ किलोवॅट (६१.८ भागिले ९.२), म्हणजे साडेपंधरा किलोवॅट, गुणिले ६००० तास, म्हणजे ९२,७०० युनिट बचत, असं छातीठोक लिहिलं जातं. पण गळती थांबली म्हणून कॉम्प्रेसर बंद पडत नाही, तो लोडवरून अनलोडवर जातो. वाचतात ते ६१.८ आणि १९ मधले ४२.८ किलोवॅट, आणि तेही वेळेच्या पाव भागात. १०.७ किलोवॅट, वर्षाला ६४,२०० युनिट. पडताळा हवा असेल तर लोड ४० टक्के धरून पहिला हिशेब पुन्हा करा: एकूण २,१६,७२० येतात, फरक नेमका ६४,२००. उरलेली अठ्ठावीस हजार युनिट गळती बुजवून मिळत नाहीत, ती अनलोडच्या खात्यावर जमा होतात. ती मिळवायची तर नियंत्रण बदलायला हवं: लहान यंत्र, व्हीएफडी, नाहीतर मोटर बंदच होईल अशी सोय. एखाद्याने आधी गळतीचे ९२,७०० दाखवले आणि मग व्हीएफडीची बचत वेगळी दाखवली, तर तीच युनिट दोनदा मोजली जाण्याची शक्यता दाट आहे.

गळतीची भोकं फार मोठी नसतात. क्विक कपलर, पीयू (प्लास्टिकच्या) ट्यूबचं टोक, एफआरएलचा (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) वाडगा, अर्धवट उघडा ड्रेन, हीच नेहमीची ठिकाणं. पण ७ बारला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून मिनिटाला साधारण ०.६ घनमीटर हवा जाते, आणि ती बनवायला ४ किलोवॅट लागतात. भोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट, म्हणून हवाही चौपट. बारीक फुसफुस ऐकू येत नाही आणि मोठ्या आवाजाची सवय होते. शिफ्ट संपल्यावर एअर गनने कपडे झटकणं ही तर हौसेची गळतीच, आणि धोक्याचीही. दाबाची हवा कातडीतून आत शिरू शकते, डोळा आणि कान तर फारच नाजूक.

वापराच्या बाजूनेही हिशेब करता येतो. नवीन मशीन घेताना तो करावाच. ६३ मिलिमीटर बोअर आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर घ्या. एका बाजूचं आकारमान ०.६२ लिटर, जाऊन-येऊन सुमारे १.२५. (रॉडने अडवलेली जागा सोडून देऊ.) दाब गेजवर ६ बार. इथे ६ ने नाही, ७ ने गुणायचं, कारण गेज वातावरणाचा दाब मोजत नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मी कुणाचाही असा तक्ता आला की आधी तेच तपासतो. एका फेरीला ८.७ लिटर साधी हवा, मिनिटाला २० फेऱ्या म्हणजे १७५ लिटर. वीज साधारण १.२ किलोवॅट, गळती न धरता.

दाबाबद्दल एक ढोबळ नियम आहे. ७ बारच्या आसपास दाब १ बारने उतरवला तर वीज सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नियम चांगला आहे, पण निम्माच. दाब उतरला की गळतीही घटते, आणि ज्या नळ्यांना रेग्युलेटर नाही त्यांचा वापरही घटतो. ७ बारचा ६ झाला, म्हणजे खरा दाब ८ वरून ७ वर आला, तर उघड्या भोकातली हवा साडेबारा टक्क्यांनी कमी होते. उलट कुणी एका टोकाच्या मशीनला दाब कमी पडतो म्हणून मुख्य सेटिंग वाढवलं की सगळ्या कारखान्यातली भोकं जास्त हवा पिऊ लागतात. त्या एका मशीनपाशी बहुधा चोंदलेला फिल्टर किंवा फार बारीक पाइप असतो. तो बदलणं स्वस्त पडतं.

बाकीच्या गोष्टी पटकन. आत घेतली जाणारी हवा ४ अंशांनी गरम असेल तर तेवढ्याच हवेसाठी वीज सुमारे एक टक्का जास्त जाते, म्हणून कॉम्प्रेसरला त्याचीच गरम हवा परत ओढू देऊ नये. हीटर नसलेला डेसिकंट ड्रायर (दाण्यांनी हवेतला ओलावा शोषणारा) स्वतःला वाळवायला साधारण पंधरा टक्के हवा बाहेर सोडतो. रेफ्रिजरेटेड (हवा थंड करून ओलावा काढणाऱ्या) ड्रायरने काम भागत असेल तिथे ही उधळपट्टी आहे. आणि कॅटलॉग वाचताना बघा, हवा एफएडीमध्ये (फ्री एअर डिलिव्हरी) दिली आहे की नॉर्मल घनमीटरमध्ये. पहिली प्रत्यक्ष आत घेतलेल्या हवेच्या स्थितीची असते, दुसरी ० अंशांची. २० अंशांच्या हवेशी तुलना केली तर सात टक्के फरक तिथेच पडतो.

कॉम्प्रेसर खरोखर ९.२ घनमीटर देतो का, हेही घड्याळाने कळतं. रिसीव्हर, म्हणजे हवेची टाकी, रिकामा करा, पुढचा व्हॉल्व्ह बंद करा आणि शून्यापासून ७ बारपर्यंत भरायला किती वेळ लागतो ते मोजा. रिसीव्हर आणि मधला पाइप मिळून ३ घनमीटर असेल तर सव्वादोन मिनिटं लागायला हवीत. अडीच लागली, तर यंत्र ८.३ च देतंय. रिसीव्हरमधली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर खरा आकडा त्याहूनही कमी. वरचे तिन्ही भाव मग त्याच प्रमाणात चढतात.

शेवटी सुटीच्या दिवसांकडे वळू. वर्षात ८७६० तास असतात, आपण ६००० धरले. उरलेल्या २७६० तासांत कॉम्प्रेसर "लाइन भरलेली राहू दे" म्हणून चालू ठेवला, तर तो एकही नग न बनवता फक्त गळती भरत बसतो. पाव वेळ ६१.८ किलोवॅट, पाऊण वेळ १९, सरासरी २९.७. वर्षाला जवळपास ८२ हजार युनिट, म्हणजे कामाच्या सगळ्या तासांतली गळती बुजवून जेवढी वाचली असती त्याहून जास्त. "अनलोडवर पाच मिनिटं गेली की तो आपोआप बंद होतो" असं मेंटेनन्सवाले सांगतात, आणि टायमर खरंच लावलेला असतो. पण आपण मोजलेला अनलोडचा वेळ दोनच मिनिटांचा आहे. पाच मिनिटं भरायच्या आत गळती त्याला पुन्हा लोडवर ओढते आणि टायमर शून्यावरून सुरू होतो. गळती पाचव्या हिश्शावर आणली की तीच दोन मिनिटं दहा होतात, आणि पाचव्या मिनिटाला मोटर पहिल्यांदाच गप्प होते.